आमच्या ओट्यावरचा म्हातारा

ज्या घरातली पोर बँकेत चिकटवायची आहे, त्या घराच्या ओट्यावर म्हातारा बसवू नये. हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, मी सांगते म्हणून ऐका. बसवायचाच असेल तर शेजारणीच्या ओट्यावर बसवावा आणि आपण येता-जाता त्याला नावं ठेवावीत.

म्हातारा म्हणजे सरत्या वर्षाचा म्हातारा. आमच्या वटारला नाताळ आला की आळीतली पोरं पेंढा, फाटकी पॅन्ट, जुनी टोपी गोळा करून एक म्हातारा बनवतात, आठवडाभर रस्त्याकडेला खुर्चीत बसवतात आणि एकतीस डिसेंबरला जाळून टाकतात. वर्ष गेलं, पीडा गेली. तो दिसावा कसा याला काही बंधन नाही. मडक्याचं डोकं, त्यावर कोळशाने डोळे, तोंडात बिडी. इतकी वर्षं एवढ्यावर भागलं. मडक्याबद्दल कोण तक्रार करणार.

बिघडलं ते आमच्या स्टेफीमुळे. स्टेफी म्हणजे माझ्या व्हॅलेरियनची मुलगी, बारावी कॉमर्स. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलो, पानं वाढली, मी बोंबलाचा पहिला तुकडा मोडला आणि ही म्हणाली, "आजी, मी बारावीनंतर कॉमर्स सोडणार. मला शिल्पकलेची डिग्री करायचीय."

"म्हणजे काय करायचं?"

"मूर्ती घडवायच्या. चार वर्षांचा कोर्स असतो. आधी परीक्षा द्यावी लागते."

चार वर्षं. चार वर्षांत माणूस नर्स होऊन परदेशी जातो आणि इथे बंगल्याचा पाया घालतो. मी व्हॅलेरियनकडे पाहिलं. व्हॅलेरियनने वरणाकडे पाहिलं. तो लहानपणापासून अडचणीच्या वेळी वरणाकडेच बघतो. सून सुझान म्हणाली, "मम्मा, तुम्ही काय ते सांगा." आमच्या घरात मी काय ते सांगायची पद्धत आहे. मी चौथी शिकलेली, आणि चौथीतही बाई आजारी पडल्या म्हणून सगळ्यांनाच पास केलेलं, पण सांगायचं म्हटलं तर मला कुणाच्या डिग्रीची गरज लागत नाही.

माझं सगळं ठरलं होतं. बांधापलीकडचा फर्डिनंड बँकेतून अधिकारी होऊन रिटायर झालेला. तो आळीतल्या मुलांना बँकेच्या परीक्षेचा क्लास घेतो. त्याच्या हाताखालून गेलेली मुलं आज काचेच्या मागे बसून लोकांना उद्या या म्हणतात. याहून मोठं काय असतं? स्टेफीसाठी त्याने सरावाच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठेसुद्धा आणून दिले होते. ही बातमी ऐकून तो ओट्यावर आला आणि म्हणाला, "वहिनी, कला वाईट नाही. पण कला छंद म्हणून ठेवावी. मी बँकेत असताना वर्षातून एकदा नाताळला कॅरलची गाणी म्हणायचोच की."

समोरची बेटी बातमीच्या वासानेच आली. बेटी आणि मी एका वयाच्या. एका वर्गातल्या, आणि एकमेकींची जिरवण्यात आम्ही दोघीही हुशार. ती म्हणाली, "शिकू दे ग, उर्सुला. माझ्या भाच्याच्या मुलाने कार्टूनचा कोर्स केला. आता सोपाऱ्याला फ्लॅट दाखवतो. खूश आहे."

आता पोरीला सरळ नाही म्हटलं असतं तर ती चार दिवस जेवली नसती आणि सुझानने चार दिवस मला बोलून दाखवलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. डोकं चालवलं हीच चूक झाली. मी म्हटलं, "हे बघ, यंदाचा आळीचा म्हातारा तू बनव. सगळा तूच. अख्ख्या आळीने त्याला चांगलं म्हटलं तर दे ती तुझी परीक्षा. नाही म्हटलं तर मुकाट्याने फर्डिनंडच्या क्लासला बसायचं."

"अख्ख्या आळीने?" स्टेफीने विचारलं.

"अख्ख्या. बेटीसकट."

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. आमच्या आळीने आजवर कुणाच्या लग्नातल्या जेवणाला चांगलं म्हटलेलं नाही. बिशपसाहेब आले होते तेव्हा त्यांच्या प्रवचनालाही "ठीक होतं, जरा लांबलं" एवढंच म्हटलं. तेव्हा मी निर्धास्त होते.

डिसेंबर लागला आणि माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. नाताळला डुकराचं मटण शिजवायचा माझा मोठा टोप, माझ्या सासूने दिलेला, त्यात मी एका सकाळी झाकण काढून बघते तर आत करडा चिखल. म्हटलं हे काय? तर कागदाचा लगदा. कागद कुठला? फर्डिनंडच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका. दोन गठ्ठे भिजत घातलेले.

"अगं, त्या अभ्यासाच्या होत्या."

"माझ्या सोडवून झाल्या होत्या, आजी," स्टेफी म्हणाली. "आणि कागद चांगला होता."

तर अशा रीतीने आमच्या म्हाताऱ्याच्या गालांत चक्रवाढ व्याज भरलं. मैद्याची खळ, त्यात मेथ्या, मुंग्या लागू नयेत म्हणून. पॅन्ट आमच्या ह्यांची गेली. ते असते तर तेही दिले असते, असा पोरीचा उत्साह. मग आळी सल्ला द्यायला लोटली. एक म्हणे नाक मोठं कर, जळताना मजा येते. दुसरा म्हणे पोटात फटाके जास्त भर. तिसरा म्हणे चष्मा लाव, चष्म्याने माणूस शिकलेला वाटतो. बेटी रोज येऊन म्हणायची, "मडकंच बरं होतं." मी मनात म्हणायची, म्हण, अजून म्हण.

आणि ही पोरगी दिवसभर लोकांकडे बघत बसायची. नुसती बघायची. मी वाडीतून भाजीची टोपली घेऊन यावं, ओट्यावर टेकावं, तर ही कोपऱ्यात बसून बघतेय. "काय बघतेस? पाणी आण," म्हटलं की पाणी आणायची आणि पुन्हा बघायची. सुझान आतून खोकायची. मला वाटलं तिला मैदा बाधला.

नाताळच्या आदल्या सकाळी म्हातारा ओट्यावर बसला. डोक्यावर गवती हॅट, नाकावर चष्मा, नारळाच्या काथ्याची भरघोस मिशी, अंगात कोट. मी पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. कामात खोट नव्हती, हे मी शत्रूलाही सांगेन. पण तोंड. असं तोंड, की लग्नाच्या जेवणात मीठ कमी पडलंय आणि स्वयंपाकी नेमका नात्यातला आहे. हनुवटी पुढे, जशी भांडण शोधायला निघालीय. एक हात मांडीवर, दुसरा कमरेवर.

मी म्हटलं, "हा कसला तिरसट माणूस बनवलास ग? असल्याच्या घरात सून नांदायची कशी?"

सुझानला जो खोकला लागला तो थेट मागच्या विहिरीपर्यंत ऐकू गेला. व्हॅलेरियन वरण नव्हतं म्हणून जमिनीकडे बघत उभा राहिला.

पहिला बळी गॅसवाला. त्याने सिलिंडर उतरवला, म्हाताऱ्याला "काका, सही" म्हणाला, आणि काका बोलेनात तेव्हा "सकाळी सकाळी राग कशाला" असं पुटपुटत मला शोधत आत आला. मग चार घरं सोडून राहणारी प्रिस्का. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. ती नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या करंज्यांचं, ताट घेऊन आली, म्हाताऱ्यापुढे ठेवलं, त्याची तब्येत विचारली आणि घरी जाऊन सांगितलं की उर्सुलाकडे कुणी पाहुणा आलाय, बोलत नाही, पण माणूस खानदानी वाटतो.

इथपर्यंत ठीक होतं. हसण्यावारी नेता आलं असतं. पण नाताळच्या दुपारी बेटी आली, म्हाताऱ्यासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच मडक्याचं नाव न काढता एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "उर्सुला, हा माझा सासरा ग."

"तुझ्या सासऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? अगदी अस्संच बसायचा. मी भात वाढला की असंच बघायचा, जसं मी त्यात विष कालवलंय."

तिच्यामागून प्रिस्काचा मुलगा आला. त्याला तो त्याचा मोठा काका वाटला, जमिनीच्या वाटणीत हट्टाला पेटलेला. युवक मंडळाचा पुढारी सॅमी आला, त्याला शाळेचे जुने हेडमास्तर दिसले आणि तो मोबाईल मागे लपवून सरळ उभा राहिला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येकाला आपापला कुणीतरी गेलेला, छळून गेलेला माणूस माझ्या ओट्यावर बसलेला सापडला. मीही प्रत्येकाला साथ दिली. "हो ना, काय ते तोंड. असली माणसं गेल्यावरच घराला सुख." हे मी मोठ्याने बोलले. चारचौघांत बोलले. आता ते परत घेता येत नाही.

मला एकटीला मात्र त्यात कुणी दिसेना. मी आमच्या ह्यांना शोधलं, माझ्या बापाला शोधलं. काही नाही. मी म्हटलं, आपल्या घराण्यात असला चेहराच नव्हता.

शेवटी फर्डिनंड आला. हात मागे बांधून त्याने बराच वेळ म्हाताऱ्याचं निरीक्षण केलं. मग माझ्याकडे वळला तेव्हा कान लाल.

"वहिनी, माझ्याकडून काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं."

"आता तुला काय झालं?"

"हा मी आहे. रिटायर झालेला, काम नसलेला, ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला अक्कल शिकवणारा. आणि लगदाही माझ्याच पेपरांचा, मला कळलंय सगळं. तुमच्या नातीला दुसरा क्लास बघा." आणि बांध ओलांडून गेला. बांध ओलांडताना लुंगी काटेरी तारेत अडकली, त्यामुळे जाण्यात जो रुबाब यायला हवा होता तो आला नाही, पण राग खरा होता.

म्हणजे बघा. पोरीला बँकेच्या रस्त्याला लावायला मी म्हातारा बसवला, आणि म्हाताऱ्याने बँकेचा रस्ताच बंद केला.

आता जाळायचा प्रश्न आला. बेटीने जाहीर केलं, "माझ्या सासऱ्याला एकदा नीट मिस्सा लावून पुरलाय. आता जाळू देणार नाही." प्रिस्काचा मुलगा म्हणाला, काका कसाही असला तरी घरचा होता. सॅमीच्या मंडळातल्या पोरांचा जीव वरखाली, कारण पोटात फटाके भरलेले आणि पलीकडच्या आळीचा म्हातारा तयार. त्यात नवीन बिल्डिंगमधल्या कुणीतरी धुराची तक्रार केली, तेव्हा सॅमी म्हणाला की यंदा परवानगी काढूनच जाळायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. आळीचे सगळे अर्ज फर्डिनंड लिहितो. फर्डिनंड दार उघडेना. म्हातारा माझ्या ओट्यावर, म्हणून परवानगी मी काढायची, असं आळीने ठरवलं. आळी अशा बाबतीत झटकन ठरवते.

मी नाताळचं नवं लुगडं नेसून सॅमीच्या स्कूटरवर बसून गेले. एका ऑफिसात म्हणाले, आग आहे म्हणजे अग्निशमनला विचारा. अग्निशमनवाला म्हणाला, आम्ही विझवतो, लावायची परवानगी देत नाही, चौकीवर जा. चौकीवर साताऱ्याकडचा एक हवालदार, पोक्त, डब्यातली भाकरी खात बसलेला. त्याने सॅमीने खरडलेला अर्ज वाचला.

"कुणाचा पुतळा जाळताय, आजी?"

"म्हाताऱ्याचा."

"कुठल्या पक्षाचा?"

"पक्षाचा नाही. सरत्या वर्षाचा."

"नाव?"

"वर्षाला नाव काय असणार?"

"पुतळा म्हटल्यावर माणसाचं नाव लागतं. त्याशिवाय रकाना भरत नाही."

"मग लिहा, कुणाचाच नाही."

त्याने भाकरी खाली ठेवली. "आजी, कुणाचाच नाही तर तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?"

इतक्या वर्षांत मला शब्दात पकडणारा हा पहिला माणूस, म्हणून त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला. मग त्याने तोडगा काढला. मी लिहून द्यायचं, की सदर पुतळा कोणत्याही हयात व्यक्तीसारखा दिसत नाही. मी विचारलं, हयात म्हणजे? तो म्हणाला, जिवंत. म्हटलं मग हरकत नाही, सगळे मेलेल्यांचीच नावं घेतायत, एक फर्डिनंड सोडला तर. आणि त्याला तर मिशीच नाही. मी एकेक अक्षर सुटं काढून सही केली, उर्सुला, आणि खाली रेघ मारली. हवालदार म्हणाला, एकतीस तारखेला दुपारी येऊन पाहणी करतो.

एकतिसाला दुपारी तो आला. आळी जमली. जाळायचा म्हणणारे एका बाजूला, नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि फर्डिनंड आपल्या कुंपणाआड, झाडाला पाणी घालायचं निमित्त करून. त्या झाडाला त्या दिवशी त्याने आठवड्याचं पाणी घातलं असेल. हवालदाराने म्हाताऱ्याभोवती चक्कर मारली. "आत दारू किती भरलीय? काढून दाखवा."

कोट काढायचा म्हणून सॅमीने आधी हॅट काढली. मग चष्मा काढायला गेला, तर खळीने मिशी चष्म्याला चिकटलेली, ती चष्म्याबरोबर निघून आली. आणि म्हातारा उघड्या पडलेल्या तोंडाने आळीकडे बघत राहिला.

हवालदाराने म्हाताऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत म्हाताऱ्याकडे.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही पोलिसांना खोटं लिहून दिलंय."

मी तेव्हा ओट्याच्या पायरीवर बसले होते. एक हात मांडीवर, दुसरा कमरेवर. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हात काढले, पण आता काढून उपयोग काय. अख्खी आळी एकदा त्याला बघत होती, एकदा मला.

माणसाला आपलं तोंड दिसतं ते आरशात, आणि तेव्हा ते केस विंचरायच्या कामात असतं. नुसतं बसलेलं, कुणाची वाट बघत नसलेलं आपलं तोंड कुणालाच ठाऊक नसतं. मला ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी हवालदारासमोर कळलं. बेटीचा सासरा, प्रिस्काचा दीर, हेडमास्तर, सगळे छळवादी मिळून एक मी. आणि सुझानचा खोकला मैद्याचा नव्हता.

पहिली बोलली बेटी. तिने आधी पदर तोंडाला लावला, मग काढला. "काही म्हणा, हुबेहूब आहे. पोरीच्या हाताला तोड नाही." प्रिस्काचा मुलगा म्हणाला, खरंय. सॅमी म्हणाला, एक नंबर. मागून कुणी कुणी हो हो म्हणाले. बिशपसाहेबांना जे मिळालं नाही ते माझ्या नातीला मिळालं, तेही माझ्या अब्रूवर.

कुंपणाआडून फर्डिनंड पाइप टाकून धावत आला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला त्याची कीव आली. "म्हणजे मी नव्हतो. वहिनी, माझा गैरसमज झाला. स्टेफीला परवापासून क्लासला पाठवा. पहिल्या बाकावर बसवतो."

आणि स्टेफी रडत होती. भिंतीला टेकून, नाक ओढणीला पुसत. "आजी, मला चेष्टा नव्हती करायची. मिशीने ओळखणार नाही कुणी असं वाटलं होतं. चुकलं माझं. मी जाते क्लासला. नको ती परीक्षा."

घ्या. सगळं माझ्या मनासारखं झालं. फर्डिनंड तयार, पोरगी तयार, व्हॅलेरियन तर जन्मापासून तयार. मी फक्त "बरं" म्हणायचं बाकी होतं.

मी उठले आणि म्हाताऱ्याजवळ गेले, म्हटलं एवढी अब्रू गेलीच आहे तर नीट तरी बघू. बघते तर त्याचा डावा पाय. टाच जमिनीला टेकवलेली नाही. पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं ठेवलंय, आणि टाचेखाली गोणपाटाची घडी. माझी डावी टाच गेल्या पावसाळ्यापासून दुखते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. व्हॅलेरियनला नाही, डॉक्टरला नाही, बेटीला तर मेले तरी नाही. सांगितलं की लोक वाडीत जाऊ देत नाहीत. म्हणून मी बसताना लुगड्याच्या आड एक घडी सरकवते आणि उठताना पायाने मागे ढकलते. पोटच्या पोराला माझ्याच घरात सहा महिने ते दिसलं नाही.

मला इतका राग आला की काय सांगू. पोरीचा नाही. माझ्या डोक्याचा, जे मी चालवलं होतं.

"फर्डिनंड," मी म्हटलं, "तुझ्या क्लासातली पहिल्या बाकावरची जागा राहू दे. व्हॅलेरियनला पाठवते. तो संध्याकाळी रिकामाच असतो."

"वहिनी, पण स्टेफीचं भविष्य..."

"तिचं ती घडवेल. तू तुझ्या झाडाला बघ, बुडालं ते."

स्टेफी डोळे पुसायची थांबली. सुझानने तिला मागून ढोसलं. मी म्हटलं, "रडतेस काय? उजेड आहे तोवर फोटो काढ त्याचे. चारी बाजूंनी. पायाचेसुद्धा. तुझ्या त्या परीक्षेला दाखवायला लागतील ना काही?"

"लागतात," ती म्हणाली. आणि ओढणीला हात पुसून तिने मोबाईल काढला.

फोटो निघाले. बेटीने मध्येच विचारलं की टाच अशी का, तर मी सांगितलं कलेत असंच असतं, तुला नाही कळणार. हवालदार अजून कागद धरून उभा होता. गरीब बिचारा, त्याला जेवायला थांबा म्हटलं तर ड्युटी आहे म्हणाला.

"आजी, माझं काय ते सांगा. हयात व्यक्तीचा पुतळा आहे. त्या व्यक्तीची हरकत नसेल तरच मला परवानगी देता येईल. जाळायचा का नाही?"

अख्खी आळी माझ्याकडे बघत होती. बेटीच्या डोळ्यांत तर इतकी आशा मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"जाळा," मी म्हटलं. "पण आधी मिशी लावा."